पणजीबद्दल घरात कुणालाच काही माहीत नाही. शेतकरी घरातल्या, शाळेत न गेलेल्या बाईचा इतिहास कुठे शोधायचा?

सासरच्या कागदांत शोधत बसू नका, तिच्या माहेरचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. आजीच्या बाबतीत मी उलटं केलं आणि वर्ष फुकट घालवलं.

आमच्या सांगली भागात हेळवी येतात, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. आजोबांच्या मागच्या पिढ्या त्याने धडाधड सांगितल्या. सगळे बाप्ये. आमच्या सातबाऱ्यावर आजी आली ती आजोबा वारल्यावर, 'भ्रतार' (म्हणजे नवरा) लिहून पुढे त्यांचं नाव. तिचं स्वतःचं नाव होतं ते लग्नात बदललेलं!

मग जत तालुक्यातल्या तिच्या माहेरचा जुना हस्तलिखित सातबारा मिळवला. त्यात नावांजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. ते धरून मागे मागे जायचं. नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, काही जिल्ह्यांच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावरही आहेत. १९५६ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी हिंदू वारसा कायदा आला आणि बाप वारला की मुलींचीही नावं वारस म्हणून लागायला लागली.

माझे पणजोबा १९५९ला गेले. वारसांत दोन मुलगे, तीन मुली. आजी जन्मभर सांगायची, "आम्ही दोघी बहिणी." वडिलांनाही तिसरी ठाऊक नव्हती. शेवटी आजीच्या नव्वदीतल्या भावजयीला विचारलं. म्हणाली, "थोरली व्हती की. नांदवली न्हाई तिला." ती माहेरीच राबली, बहात्तरच्या दुष्काळात आजीबरोबर खडी फोडायला गेली आणि पुढच्या वर्षी वारली.

१९७४च्या फेरफारात ती 'मयत, बिनवारस'. उरलेल्या दोघींनी हक्क सोडल्याची वर्दी दिलेली. भावाला विहिरीसाठी कर्ज हवं होतं, बहिणींची नावं अडत होती. जबाबाखाली दोन अंगठे. आजीच्या हातचा कागदावरचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे. मोबदला म्हणाल तर लुगडं-चोळी आणि दिवाळीला माहेरचा रस्ता उघडा. (यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात, ते सोडा.)

जन्मासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघा. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात आणि बाळाचं नाव नसतंच, बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच. पणजोबांच्या नावावर मला अशा तीन मुली सापडल्या, म्हणजे थोरलीचा हिशेब तिथेही जुळला. मोडी वाचणाऱ्याला पैसे देण्याआधी जिल्ह्याचं संकेतस्थळ चाळा. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात असे बरेच दप्तर स्कॅन होऊन तिथे चढले आहेत.

पण पणजीला पाहिलेली एखादी म्हातारी हयात असेल, तर कागद नंतर, आधी तिच्याकडे जा. साल विचारू नका. "लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या त्याच्या आधी का नंतर?" असं विचारा, बरोबर सांगतात. (मिलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात खाल्लेली परदेशी लाल ज्वारी.) मी थोरलीचं नाव कुणी ठेवलं ते विचारायला सहा महिन्यांनी परत गेले, तेव्हा भावजय मलाच विचारत होती, "तू कुणाची गं?"