वाचकांचे प्रश्न : जुना लोड बॅलन्सर काढताना

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेत नेटवर्क सांभाळतो. सगळ्या शाखांची वाहतूक एका जुन्या लोड बॅलन्सरमधून (येणारं काम सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या उपकरणातून) तीन सर्व्हरकडे जाते. त्याचा सपोर्ट आता बंद झालाय. त्याऐवजी दोन लिनक्स मशीनवर एचएप्रॉक्सी (हेच काम करणारं सॉफ्टवेअर) बसवायचं ठरलं आहे. कुठलं कनेक्शन कुठे पाठवायचं याचे जुने नियम लिहिणारे साहेब निवृत्त झाले. सगळे नियम जसेच्या तसे चढवून एका रविवारी रात्री काम उरका, असं वरिष्ठ म्हणतात. जमेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नियम जसेच्या तसे चढवू नका, एवढं वरिष्ठांना ठामपणे सांगा. त्यातले कितीतरी नियम केव्हाच बंद झालेल्या सर्व्हरचे असतील. आधी प्रत्येक नियमावर किती कनेक्शन येतात ते मोजा, आणि मोजणी पूर्ण महिनाभर चालू ठेवा. व्याजाची आकारणी, पगाराच्या फाइली ही कामं रोज होत नाहीत. आठवडाभर शून्य दाखवणारा नियम नेमका एक तारखेला लागतो.

खरा घोळ मूळ आयपीचा, म्हणजे शाखेतल्या संगणकाच्या नेटवर्क पत्त्याचा होतो. जुना लोड बॅलन्सर सर्व्हरचा गेटवे (बाहेर जाण्याचा मार्ग) म्हणून बसवला असेल, तर शाखेतल्या संगणकाचा आयपी सर्व्हरपर्यंत पोहोचत असणार. एचएप्रॉक्सी शाखेचं कनेक्शन स्वतःपाशी थांबवतो आणि सर्व्हरकडे स्वतःच्या पत्त्यावरून नवं उघडतो. मग सर्व्हरला प्रत्येक कॅशियर एकाच ठिकाणाहून आलेला दिसतो. पुण्यातल्या एका पतसंस्थेत हे काम करताना चाचणीतच एका शाखेचं लॉगिन अडलं. तिथलं अॅप्लिकेशन शाखेचा आयपी पाहूनच आत घेत होतं आणि ही गोष्ट एकाही कागदावर नव्हती! तुमच्या अॅप्लिकेशनवाल्यांना हा प्रश्न आजच विचारा, कारण त्यांच्याकडून बदल करून घेण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

वेबची वाहतूक असेल तर ‘ऑप्शन फॉरवर्डफॉर’ लावा, म्हणजे मूळ आयपी हेडरमधून (विनंतीसोबतच्या माहितीतून) पुढे जाईल. हा हेडर फक्त एचएप्रॉक्सीकडून आला असेल तरच अॅप्लिकेशनने मानावा, नाहीतर कुणीही खोटा आयपी लिहून पाठवेल. वेबशिवाय इतर वाहतुकीसाठी, कनेक्शनच्या सुरुवातीलाच मूळ आयपी कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल आहे, पण तो सर्व्हरलाही समजायला हवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. त्या लॉगमध्ये सगळीकडे एकच आयपी असेल, तर चौकशीच्या वेळी त्यातून काय शोधणार?

टाइमआउटही (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) तपासा. एचएप्रॉक्सीच्या नेहमीच्या नमुना कॉन्फिगमध्ये सर्व्हरच्या उत्तरासाठी 50 सेकंद असतात. दोन मिनिटं चालणारा लेजर रिपोर्ट तिथे 504 (वेळ संपल्याची चूक) दाखवून तुटतो, आणि शाखा म्हणते, नवीन सिस्टिम बेकार. साधा हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का याची तपासणी) फक्त पोर्ट उघडतोय का तेवढंच बघतो. अॅप्लिकेशन लटकलं तरी पोर्ट उघडाच असतो, म्हणून ‘एचटीटीपीचेक’ लावून खऱ्या पानाचं उत्तर तपासा.

पासबुक छापणारं एखादं जुनं कियॉस्क अजून टीएलएस 1.0 वर (कनेक्शन गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीवर) असेल. एचएप्रॉक्सी त्याच्या आवृत्ती 2.2 पासून मुळात किमान टीएलएस 1.2 मागतो. कियॉस्कसाठी अख्ख्या बँकेची सुरक्षा खाली आणू नका, कियॉस्कच बदलून घ्या.

आता रविवारची रात्र. नव्या यंत्रणेला वेगळा आयपी द्या आणि आधी एका छोट्या शाखेचे संगणक होस्ट्स फाइलमधून (संगणकावरच्या नाव-आयपीच्या यादीतून) तिकडे वळवा. कामाचे काही दिवस नीट गेले की आणखी शाखा, आणि शेवटी डीएनएस (सगळ्यांना नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा). डीएनएसचा टीटीएल (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) 86400 असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो 300 वर आणा, म्हणजे परत फिरायची वेळ आली तरी बहुतेक संगणक पाच मिनिटांत जुन्याकडे येतील. अॅप्लिकेशनमध्ये थेट आयपीच लिहिला असेल, तर मात्र तोच आयपी नव्या मशीनवर न्यावा लागेल. तेव्हा राउटरवरची एआरपी नोंद (कुठला आयपी कुठल्या मशीनचा याची नोंद) हाताने पुसा. सिस्कोच्या राउटरवर ती मुळात चार तास टिकते.

महिन्याचा शेवटचा आठवडा आणि पूर्ण मार्च टाळा. नव्यावर एक महिनाअखेर पार पडेपर्यंत जुना लोड बॅलन्सर रॅकमध्ये चालूच ठेवा, आणि सोमवारी सकाळी अॅप्लिकेशनवाल्यांचा माणूस बँकेत हजर राहील हे आधीच लेखी घ्या.