नागपुरात डिझेल गाडी घेण्यात मजा आणि फायदा आहे का?

पेट्रोलऐवजी डिझेल गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. चालवण्याच्या आनंदापुरते माझे मत डिझेलच्या बाजूने आहे. ठिणगीशिवाय, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटवणाऱ्या या इंजिनाला टर्बोची, म्हणजे जादा हवा आत ढकलणाऱ्या यंत्रणेची, जोड मिळाली की इंजिन संथ फिरत असतानाच भरपूर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, हाती येतो. त्यामुळे 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर पाच माणसे आणि सामान भरलेले असतानाही वारंवार गिअर न बदलता गाडी सहज वेग पकडते. इंजिनाची घरघर मात्र ऐकावी लागते. मला ती आवडते, घरच्यांना नाही.

फायद्याचा हिशेब वेगळा आहे. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषणविषयक निकषांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला आणि त्यातील काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालवावी लागते. आपल्या फेऱ्या सीताबर्डी ते धरमपेठ एवढ्याच असतील, तर तो फिल्टर चोंदून खर्च उभा राहू शकतो, तेव्हा पेट्रोलच बरे. वर्धा, अमरावती अशा फेऱ्या नेहमीच्या असतील, तरच डिझेलची जादा किंमत मायलेजमधून वसूल होण्याची शक्यता आहे.