प्रश्न: ख्रिश्चन सहकाऱ्याने नव्या कारसाठी संत ख्रिस्तोफरचं पदक दिलं आहे. गणपतीशेजारी लावलं तर चालेल का? घरचे नको म्हणतात. वेगवेगळ्या धर्मांत असे रक्षण करणारे संत आणि चिन्हं कोणती?

लावा. खुशाल लावा.

घरच्यांना काय सांगायचं ते पुढं लिहिते. आधी आमच्या टेम्पोचं सांगते, कारण नेमक्या ह्याच पदकावरून आमच्या घरात भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले.

माझे आप्पा बेळगावहून गोव्याला भाजी न्यायचे. आमचं गाव शहराच्या पश्चिमेला. रताळी, बटाटे, कोबी, हिरवी मिरची, सगळं तिकडं जातं. संध्याकाळी माल भरायचा, रात्री निघायचं आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी करत पहाटेला म्हापसा गाठायचं. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी आप्पा गाडी हळू करायचे, एकदा हॉर्न द्यायचे आणि एक हात स्टेअरिंगवर ठेवून दुसरा छातीला लावायचे. मलप्रभा तिथंच उगम पावते. ते म्हणायचे, इथं माउलीला नमस्कार केला की तो पाण्याबरोबर खाली सौंदत्तीला यल्लम्मापर्यंत पोचतो.

गाडीत यल्लम्माचा फोटो होता, त्याला भंडारा लावलेला. जोतिबाचा गुलाल कागदाच्या पुडीत. शनिवारी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा आई स्वतः ओवून बांधायची. काचेच्या वरच्या कोपऱ्यात 786 चा स्टिकर होता. तो आधीच्या मालकानं लावलेला, आप्पांनी कधी काढला नाही. बिस्मिल्लाच्या अक्षरांची अबजद पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा धरून, बेरीज केली की तो आकडा येतो. सगळ्या मुसलमानांना हा आकडा मान्य नाही, पण आमच्या भागात कितीतरी हिंदूंच्या गाड्यांवरही तो दिसतो.

पदक दिलं म्हापशाच्या एका भाजीवाल्या बाईनं. ती आप्पांकडून वर्षानुवर्षं माल घ्यायची. आम्ही तिला घरात म्हापशाची मावशीच म्हणायचो, मी तिला एकदाच पाहिलंय. एका पावसाळ्यात आप्पा चार तास उशिरा पोचले, घाटात झाड पडलं होतं. ही बाई रिकामी टोपली घेऊन बाजाराच्या तोंडाशी उभी होती. मालाचं राहिलं बाजूला, गळ्यातल्या साखळीतून पदक सोडवलं आणि म्हणाली, "हें गाडयेंत दवर," म्हणजे हे गाडीत ठेव. आप्पांनी पैसे विचारले तर रागावली. रुपयाएवढं पदक, कडा झिजलेल्या. त्यावर एक उंच माणूस, हातात काठी, खांद्यावर लहान पोर, पाय पाण्यात.

आप्पांनी घरी आणून दिव्याखाली धरलं आणि मला म्हणाले, "हा वसुदेवच की गे. पोर खांद्यावर, पाणी गुडघ्याला. दुसरा कोण असणार?"

मी तेव्हा नववीत होते. मला वाटलं, खरंच की. गोकुळाष्टमीच्या चित्रात टोपली डोक्यावर असते एवढाच फरक. खरी कथा पुष्कळ वर्षांनी कळली. ख्रिस्तोफर हा आडदांड माणूस, पूर आलेल्या नदीतून वाटसरूंना पलीकडे पोचवायचा. एक दिवस एक पोर आलं. पाण्यात जाईल तसं ते जड होत गेलं, इतकं की ह्याचे गुडघे वाकले. पैलतीरी पोरानं सांगितलं की तू ख्रिस्ताला आणि त्याच्यासोबत सगळ्या जगाला खांद्यावर घेतलं होतंस. नावाचा अर्थच ख्रिस्ताला वाहणारा. जुन्या काळी युरोपात चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र काढायचे. ज्या दिवशी ते दिसलं त्या दिवशी अपमृत्यू नाही अशी समजूत. 1969 साली रोमच्या चर्चनं संतांच्या सणांचं कॅलेंडर नव्यानं लावलं, त्यात ह्याचा 25 जुलैचा सण जगभरच्या यादीतून निघाला, कारण इतिहासात ह्याच्याबद्दल भरवशाचं फार थोडं सापडतं. संतपद मात्र काढलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "त्याला तर त्यांच्याच चर्चनं काढून टाकलंय" हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय आणि ते चूक आहे.

आता भांडण. 2011 चा जुलै. चोर्ल्याच्या उतारावर धुकं आणि पाऊस. आप्पांनी ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. त्यांनी गाडी दरीकडं जाऊ न देता डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. टेम्पो आडवा झाला, डावा पाय दोन ठिकाणी मोडला. क्लीनर पोराला खरचटलं फक्त. कोबी रस्ताभर.

आप्पा दवाखान्यात असताना माझा थोरला भाऊ एका देवऋषाकडं जाऊन आला. त्यानं तांदूळ टाकून सांगितलं, गाडीत परका देव बसवलाय म्हणून घरचं दैवत कोपलंय. एक बोकड आणि बरेच पैसे गेले. दादानं पदक पक्कडीनं उपसून काढलं, गोठ्यामागं उकिरड्यावर टाकलं आणि आईसमोर मला म्हणाला, "दुसऱ्याचा देव मांडीवर घेतल्यावर आपला गप बसतोय होय?"

786 त्याला दिसला नाही. बिब्बा दिसला नाही. ते सगळं तिथंच राहिलं.

मी गॅरेजला गेले होते, दादा नव्हता गेला. मिस्त्रीनं ब्रेकचा ड्रम उघडून मला दाखवलं. आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, रिव्हेटपर्यंत घासलेले होते. मे महिन्यातच त्यानं बदला म्हणून सांगितलं होतं आणि घरचा हिशोब बघणाऱ्या दादानं "कोबीला भाव येऊ दे, मग बघू" म्हणून पुढं ढकललं होतं. घासलेले लायनर, भरलेली गाडी, लांब उतार. ड्रम तापला की पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं आणि आप्पाही तसेच उतरत होते, तरी भागलं नाही.

हे मी त्या दिवशी घरात बोलले नाही. आप्पा पलंगावर होते, आई रडत होती. दहाबारा वर्षं मनात ठेवलं, ते इथं लिहिते आहे. यल्लम्मा कोपली नव्हती, दादा. लायनर संपले होते.

आणि परका देव म्हणजे काय, हेही आमच्या भागात राहून कुणी विचारावं याचं मला वाईट वाटतं. मोहरमात आमच्याकडं पंजे बसतात तेव्हा गावातले मराठे नवस फेडायला येतात, पोरांना फकीर करतात, मनगटाला नाडा बांधतात. आमच्या दादालाही लहानपणी फकीर केलं होतं, सारखा ताप यायचा म्हणून. तो पंजा म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन ही पाच बोटं. तोच उघडा तळहात उत्तर आफ्रिकेत फातिमेचा हात म्हणून दारावर असतो आणि ज्यू लोकांत मिरियमचा हात म्हणून गळ्यात असतो. निपाणीत दस्तगीरसाहेबांचा उरूस भरतो. दस्तगीर म्हणजे बाराव्या शतकातले अब्दुल कादिर जिलानी, कबर बगदादला. तो उरूस सुरू केला संत बाबामहाराज चव्हाणांनी. चव्हाण! आणि आप्पांच्या म्हापशालाच बघा, तिथल्या चर्चमधली मिलाग्र सायबीण, म्हणजे मेरी माता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, फेस्ताला म्हणजे तिच्या सणाला हिंदू बायका तेल घेऊन चर्चमध्ये जातात. गोव्यात कुणी लईराई कोपली म्हणत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, कुठल्या धर्मात काय, त्याचं थोडक्यात सांगते. सगळी यादी माझ्याच्यानं होणार नाही. कॅथलिक लोकांत प्रत्येक धंद्याला एक संत असतो: हरवलेल्या वस्तूंसाठी अंतोनी, खाणकामगार आणि तोफखान्यासाठी बार्बारा. जपानमध्ये देवळातून कापडी पिशवीतलं ओमामोरी मिळतं, वाहनासाठी वेगळं असतं. ते उघडून बघायचं नाही आणि वर्षानं देवळात परत द्यायचं. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये निळा काचेचा डोळा, आपल्या काळ्या बाहुलीचंच काम. थायलंडमध्ये ड्रायव्हर लुआंग पू थुआत ह्या भिक्खूचं पदक बाळगतात, अपघातातून वाचवतो म्हणून. सिंधी लोकांचा झुलेलाल माशावर बसलेला असतो. मुसलमानांत त्याच सिंधू नदीकाठी ख्वाजा खिज्र, तोही पाण्यातल्या माणसांचा राखणदार, आणि कितीतरी लोक दोघांना एकच मानत आलेत. पुढं पॅलेस्टाईनकडं गेलात तर हाच खिज्र ख्रिश्चनांच्या संत जॉर्जशी जोडलेला आहे.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते कोकणातले बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी तेलाच्या घाण्याचा धंदा, शनिवारी सुट्टी म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची गुंडाळी घातलेली लहान डबी. आणि नवस फेडायला एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं मानतात. हजारो वर्षं जुना प्रेषित आणि त्याच्यापुढं पोहे. ह्याला कोण परकं म्हणेल?

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहिते.

लिंगायत मैत्रिणीनं एकदा मला बरोबर टोकलं होतं. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग मी ताईत समजले होते. ते राखणीसाठी बांधलेलं नसतं. हातावर घेऊन रोज पूजा करायची असते, तोच त्यांचा देव. तेव्हा दुसऱ्याच्या गळ्यातलं प्रत्येक चिन्ह "नजर लागू नये म्हणून" असं धरून चालू नका. दिलं असेल तर घ्या, अर्थ देणाऱ्याला विचारा.

आणि प्रत्येक बांधलेली वस्तू राखणच करते असंही नाही. आमच्याच यल्लम्माच्या नावानं पोरींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं जायचं. देवीचं लेकरू, देवी सांभाळील, असं सांगून. त्या पोरींचं पुढं काय झालं ते सीमाभागात सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटकानं 1982 मध्ये ह्या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. मी यल्लम्माची भक्त आहे, पौर्णिमेला डोंगरावर जाते, उदं म्हणते, आणि तरी हे लिहिते.

पदकाचे पैसे मागणारा किंवा ते काढायचे पैसे मागणारा भेटला तर दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्रात 2013 चा आणि कर्नाटकात 2017 चा असे अघोरी प्रथांविरुद्ध कायदे आहेत. आमच्या वेळी दोन्ही नव्हते.

शिवाय एअरबॅग. स्टेअरिंगवर किंवा डॅशबोर्डच्या त्या झाकणावर काहीही चिकटवू नका, गणपतीसुद्धा. एअरबॅग फुटली की ते थेट तोंडावर येतं. आरशालाही लांब काही लटकवू नका. चावीच्या साखळीत घाला किंवा गिअरजवळच्या खणात ठेवा.

घरच्यांना काय सांगायचं म्हणालात तर वसुदेवाचं सांगा. आमच्या आईला तेवढं पुरलं होतं.

आप्पांचा पाय जुळला, पण टेम्पो पुन्हा चालवला नाही. घरी आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी मला हळूच विचारलं, "वसुदेव कुठाय?" मी उकिरड्यातून उचलून, धुऊन, कुंकवाच्या डबीत ठेवला होता. त्यांनी बघितला, परत माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "दादाला सांगू नको. मावशीला कधी भेटलीस तर सांग, अजून आहे म्हणून." मी म्हापशाला गेले तेव्हा तिची जागा दुसऱ्या कुणाकडं होती. विचारलं, तर बाजारात कुणी नीट सांगू शकलं नाही.

आप्पा 2019 ला गेले. पदक माझ्या स्कूटीच्या चावीला आहे. दादा, तू हे वाचलंस तर खंडेनवमीला ये. तुझ्या गाडीची पूजा करताना मी ते शेजारी ठेवणार आहे, तेव्हा काही बोलू नकोस.