हार्ट प्रोटेक्शनवर (रक्त अडल्यावर हृदयाचं नुकसान कमी करण्यावर) काम सुरू करतोयस? आधी उंदीर नीट निवड

अरे, तरुण धडधाकट उंदरावर औषध चाललं म्हणून लगेच नाचू नकोस. 1986 मध्ये कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी 5-5 मिनिटं असा चार वेळा थांबवला न मग 40 मिनिटं बंद ठेवला तर थेट 40 मिनिटं बंद ठेवण्यापेक्षा डॅमेज एकदम कमी झालं, पण डायबेटिसवाल्या हृदयात तीच ट्रिक बऱ्याचदा चालत नाही किंवा जास्त वेळा करावी लागते. आणि स्ट्रेप्टोझोटोसिनने (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं केमिकल) केलेला डायबेटिस टाइप 1 सारखा असतो हं, लठ्ठपणा बघायचाय तर झुकर रॅट (जीनमुळे लठ्ठ होणारी उंदराची जात) घे. टीटीसी स्टेनिंगला (हृदयाचा मेलेला भाग ओळखायला काप रंगवतात ते) स्लाइस एकाच जाडीचे काप, जिवंत भाग विटकरी लाल दिसतो, मेलेला फिकट, आणि मोजणाऱ्याला ग्रुप (कुठल्या उंदराला औषध दिलंय ते) कळू देऊ नकोस, मी एकदा बोलून बसलो होतो, सगळं परत मोजावं लागलं.