सारंगीवाल्याला एवढ्यात फोन करू नकोस

अगं,

तुझ्या कवितावाचनाच्या अल्बमबद्दलची अकरा मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली. एकदा रिक्षात आणि मग घरी आल्यावर नीट. त्यात सात मिनिटं कोण कोण वाजवणार, तीन मिनिटं स्टुडिओचे रेट आणि कव्हरवर कुठला फोटो, आणि कविता कुठल्या हे शेवटच्या मिनिटात, भाजी घेऊन झाल्यावर जाता जाता कोथिंबीर मागतात तसं. तरीही शेवटी तू म्हणालीस की सगळं जुळून आलंय तर मग पोटात गोळा का येतोय. तो गोळा खरा आहे म्हणून लिहितोय, नाहीतर दोन अंगठे पाठवून मोकळा झालो असतो.

गोळा येतोय कारण त्या आठ कविता तू अजून एकदाही कोरड्या बोलून बघितलेल्या नाहीस. कोरड्या म्हणजे कोरड्या. तानपुरा नाही, मागे गिटार नाही, आवाजाला रिव्हर्बची, म्हणजे मशीनने घुमवल्याची, साय नाही. कपड्यांचं कपाट उघड, त्यात तोंड घालून फोनवर रेकॉर्ड कर (हसू नकोस, तिथे घुमत नाही), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना फोनच्या स्पीकरवर ऐक. हातातलं काम थांबलं तर कविता उभी आहे. नाही थांबलं तर सातजण वाजवायला बसवलेस तरी ती बसलेलीच राहणार.

तुझ्या डेमोत काय झालंय सांगू का? पहिल्या दोन ओळी तू माणसासारखी बोललीस. तिसऱ्या ओळीत गिटार शिरली आणि तू 'पाऊस' हा शब्द असा ताणलास की मला वाटलं नेटवर्क गेलं. घरी म्हणतेस का असं, 'बाहेर पाऊऊस आहे'? ही मालिकेची सवय आहे आणि तुझी एकटीची चूक नाही. तिथे तू नुसती मान वळवतेस आणि उरलेला अभिनय मागून म्युझिक करतं. चार वर्षं तेच केल्यावर माणसाला आपण एकटं उभं राहू शकतो हे आठवतच नाही.

मला हे कसं कळतं? कारण मी हेच करून बसलोय. १९९९ साली माझी कवितांची कॅसेट निघाली होती, तुला माहीत नसेल, कुणालाच नाहीये. नाटक जोरात चालू होतं, कंपनीने विचारलं, मी हुरळलो. सारंगीला एक फार मोठे बुजुर्ग आले. आल्या आल्या सूर लावला आणि अख्खा स्टुडिओ 'वाह' म्हणाला, मीसुद्धा, काचेच्या आतून. मग माझा टेक. ते रडवेलं वाजवत होते म्हणून मीही रडवेलं बोललो. कविता एका कारकुनाच्या पहिल्या तारखेची होती गं! त्यात रडायचं काय होतं? पण सारंगी रडतेय म्हटल्यावर मी कोण कोरडा राहणार. रेकॉर्डिस्ट एकदा काचेपलीकडून टॉकबॅकवर हळूच म्हणाला, "दादा, एक टेक नुसता घेऊया का?" मी नको म्हटलं. बुजुर्गांना ताटकळत कशाला ठेवायचं. तो टेक घ्यायला हवा होता. आईने कॅसेट पूर्ण ऐकली, चष्मा काढला आणि म्हणाली, "वाजवणारा छान वाजवतो. मध्ये मध्ये तू का बोलतोस?" माळ्यावर अजून दोन खोकी आहेत.

तू त्या शॅटनरची लिंक पाठवलीस, 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क, की बघा त्याने पण पाहुणे कलाकार घेतलेच ना. घेतले. पण नीट बघ. १९६८ साली त्याने पहिली रेकॉर्ड केली तेव्हा एकीकडे शेक्सपिअर, एकीकडे त्या काळची पॉप गाणी, मागे मोठा वाद्यवृंद आणि वर हा नाटकी बोलतोय. लोक आजवर त्याची टिंगल करतात. मग २००४ ला बेन फोल्ड्स या संगीतकाराने त्याच्याकडून 'हॅज बीन' हा अल्बम करून घेतला, वय वर्षं त्र्याहत्तर, जो जॅक्सन, एमी मॅन, हेन्री रोलिन्स असे पाहुणे, आणि तेच टिंगल करणारे गप्प बसून ऐकायला लागले. आवाज तोच, बोलायची तऱ्हाही बरीचशी तीच. फरक हा की या वेळी तो आपलं बोलत होता. त्याची बायको त्यांच्याच घरच्या स्विमिंग पूलमध्ये बुडून गेली होती, त्यावरचा ट्रॅक ऐक. एवढे पाहुणे हाताशी असून तिथे वाद्यं जवळजवळ बाजूलाच झालीत. तू लिंक पाठवलीस ती पाहुण्यांची नावं वाचून. तो ट्रॅक ऐकलास का? कोरडा!

आणि हे आपल्याकडे नवीन आहे असं कृपा करून कुणाला सांगू नकोस. पोवाड्यात शाहीर मध्येच गद्य बोलायला लागतो तेव्हा सगळं त्याच्या शब्दांच्या मागे जातं, मग झीलकरी 'जी जी' करून त्याला उचलतात. गोंधळाच्या आख्यानात साथीदार हुंकार देतो, मध्येच खुळ्यासारखा प्रश्न विचारतो, त्याने गोष्ट पुढे सरकते. तुझ्या पाहुण्यांचं काम ते आहे. हुंकार द्यायचा. तुझ्या पिढीच्या जवळचं हवं तर 'गारवा' काढून ऐक, किशोर कदम बोलतो तेव्हा नुसता आपल्याशी बोलतो, गायला मिलिंद इंगळे आहे ना. गाणाऱ्याने गावं, बोलणाऱ्याने बोलावं.

क्लिकवर, म्हणजे कानात ठेक्याची टिकटिक लावून, बोलू नकोस हे वेगळं सांगायला नको. तुझा कोरडा टेक वाजवणाऱ्यांच्या कानात दे, तुझ्या श्वासावर त्यांना वाजवू दे. कुरकुरतील, ठेका कुठे धरायचा विचारतील. विचारू देत. ज्याला जमणार नाही तो आपल्या अल्बमचा पाहुणा नाही, मग त्याचे फॉलोअर्स किती का असेनात.

हक्कांचं तेवढं बघ. मर्ढेकर १९५६ ला गेले, कवीच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं उलटलीत, तिथे अडचण नाही. बाकीच्या तीन कवितांसाठी त्या कवींच्या घरच्यांची लेखी परवानगी घे, फोनवरचं 'हो हो करा की' चालणार नाही.

मला नंतर २०११ मध्ये परत विचारलं होतं एकाने. मी म्हटलं आधी सगळ्या कविता कोरड्या रेकॉर्ड करू, आवडल्या तर पुढे. तो म्हणाला ट्रॅक तयार आहेत, तुम्ही फक्त येऊन बोला. मी गेलो नाही. हेकट म्हणाले, माज म्हणाले, आमच्या घरातही म्हणाले. बरोबरच केलं मी. आता कधी कधी रात्री वाटतं की गेलो असतो आणि तिथे भांडलो असतो तर निदान एक काहीतरी राहिलं असतं माळ्यावरच्या खोक्यांशिवाय. पण नाही, बरोबरच केलं. तू मात्र माझ्यासारखं घरी बसू नकोस, तुला जायचंय, फक्त कोरडं होऊन जा.

रविवारपर्यंत एक कविता पाठव. एकच, ती आजीच्या ट्रंकेची. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट नको, ती आवाज दाबते, फाइल पाठव. मी कुकर लावून ऐकेन. तोवर सारंगीवाल्याला फोन करू नकोस, आणि केलाच असशील तर अ‍ॅडव्हान्स परत मागू नकोस, फक्त तारीख पुढे ढकल.