‘सुहैली’ कोणी बांधली?

प्रश्न : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या लाकडी नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहैली’ मुंबईत तयार झाली असे वाचले. ती त्यांनी स्वतः बांधली होती का? माझ्या मुलाला एकट्याने सागरसफर करण्याची ओढ आहे. त्याने नौकाबांधणीही शिकावी का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ‘सुहैली’ मुंबईच्या कुलाबा वर्कशॉपमध्ये बांधली गेली. तिच्या सागवानी फळ्या येथल्या सुतारांनी वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) आणि दोरीने फिरणारा सामता (भोके पाडण्याचे हत्यार) अशा हत्यारांनी घडवल्या. तिच्या कीर्तीबरोबर त्या सुतारांचेही श्रेय सांगितले जायला हवे, पण ते क्वचितच सांगितले जाते. व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेले नॉक्स-जॉन्स्टन तिचे मालक होते, बांधणारे नव्हते. नौका बांधणे आणि तिच्यातून एकट्याने सफर करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केल्याचे मोठे उदाहरण म्हणजे जोशुआ स्लोकम. अमेरिकेतील फेअरहेवन येथे मोडकळीस आलेली ‘स्प्रे’ त्यांनी तेरा महिने खपून नव्याने उभी केली, आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने जगाला फेरी घालणारे ते पहिले ठरले.

तरीही आपली नौका कशी जोडलेली आहे हे नॉक्स-जॉन्स्टन यांना पुरते ठाऊक होते, आणि तेच ज्ञान कामी आले. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि अटलांटिकमध्येच नौकेत पाणी शिरू लागले. बुडी मारून पाहिले, तेव्हा पठाणालगतच्या (पठाण म्हणजे नौकेच्या तळाचे मुख्य लांब लाकूड) फळीचा सांधा उघडलेला दिसला. किनाऱ्यावर अशी फट कापूस ठासून बुजवतात. परंतु पाण्याखाली, श्वास रोखून तो कापूस जागेवर राहीना. म्हणून त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, त्याला डांबर लावले, ती पट्टी खिळ्यांनी फटीवर ठोकली आणि वरून तांब्याची पट्टी बसवली. मध्येच एक शार्क घुटमळू लागल्याने त्याला गोळी घालूनच पुढचे काम करावे लागले. पुढे स्वयंचलित सुकाणूही मोडले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी ते परतले, तेव्हा एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या शर्यतीतील नऊ जणांपैकी सफर पुरी करणारे ते एकटेच होते.

लाकडाची देखभाल मात्र सफरीबरोबर संपत नाही. पुढे ग्रिनिचच्या संग्रहालयातील कोरड्या हवेत ‘सुहैली’च्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले.

म्हणून आपल्या मुलाने हे अवश्य शिकावे. संपूर्ण नौका बांधता आली नाही तरी चालेल. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा एखाद्या जाणत्या सुताराच्या हाताखाली त्याने सांधे भरावेत, कुजकी फळी ओळखावी आणि ती बदलून पाहावी. २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे हेही आपली नौका ‘म्हादेई’ गोव्यात बांधली जात असताना त्या कामात प्रत्यक्ष सहभागी होते.