दवाखान्यात बीपी नॉर्मल येतंय, तरी चोवीस तासांचं मोजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा, ३४ आला, दवाखान्यात बीपी मात्र दर वेळी १२८/८२ च्या आसपास, मग आणखी तपासण्या कशाला? माझं मत, एक तपासणी कराच. चोवीस तासांचं बीपी, म्हणजे एबीपीएम: दंडाला पट्टा बांधलेलं मशीन दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप बीपी मोजतं. मी डॉक्टर नाही; बरीच वर्षं सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) लावून झोपतो आणि या विषयावर डॉक्टरांचं डोकं भरपूर खाल्लंय, तेवढाच माझा अधिकार.

झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के खाली यायला हवं. स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे तुमच्यासारखा झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याच्या आजारात, अनेकांचं ते येत नाही. घसा पूर्ण किंवा अर्धवट मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो आणि त्याच क्षणी बीपी उसळतं. तुमच्या बाबतीत श्वास असा अडणं तासाला सरासरी ३४ वेळा. काहींचं मग दिवसाही चढलेलं राहतं, काहींचं फक्त रात्री. सकाळी अकरा वाजता डॉक्टरांसमोर शांत बसून घेतलेल्या आकड्यात रात्रीचं काहीच दिसत नाही.

दवाखान्यातलं बीपी १४०/९० च्या खाली, पण मशीनवर २४ तासांची सरासरी १३०/८०, जागेपणीची १३५/८५ किंवा झोपेतली १२०/७० यांपैकी एक जरी गाठली, तर तो लपलेला उच्च रक्तदाब समजतात. वरचा किंवा खालचा, एकच आकडा ओलांडला तरी पुरे.

मशीन लावाल तेव्हा पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा; जाड दंडावर लहान पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो. पट्टा फुगला की हात सैल आणि स्थिर ठेवा. झोपल्याची आणि उठल्याची खरी वेळ लिहून द्या, नाहीतर तुम्ही टीव्ही बघत असतानाचे आकडेही ‘रात्र’ म्हणून मोजले जातील. सीपॅप सुरू असेल तर नेहमीसारखा लावूनच झोपा आणि तसं सांगा. पट्ट्याने झोपमोड होते हे खरंय. रात्र अगदीच वाईट गेली किंवा झोपेतले आकडे सातपेक्षा कमी मिळाले, तर तपासणी पुन्हा करण्याबद्दल विचारा.

घरचं मशीनही उपयोगी आहे, फक्त त्याला रात्र दिसत नाही. सात दिवस, सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी करून, गोळी आणि चहा-कॉफीच्या आधी, पाच मिनिटं बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा, संध्याकाळी तसंच. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर गेली तर एबीपीएमची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. मनगटी घड्याळाच्या बीपीवर मी विसंबत नाही.

सीपॅप लावला की बीपीचा प्रश्न आपोआप सुटेल, या आशेवर मात्र राहू नका. सरासरी घट २-३ अंकांचीच असते. मूळ बीपी जास्त असलेल्यांत आणि रोज पुरेसे तास मास्क लावणाऱ्यांत थोडी अधिक. गोळ्या किंवा त्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नका.

आणि रिपोर्ट आला की पहिल्या पानावरच्या २४ तासांच्या सरासरीवर थांबू नका. ‘झोपेतली सरासरी किती आणि रात्री किती टक्के उतरलं?’ हे दोन प्रश्न वेगळे विचारा. झोपेचे डॉक्टर आणि बीपीचे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांनाही.